हरेश्वरची वेगळी पोपटी

"हरेश्वर पाटील हा भोळा माणूस. गाव आपल्याविषयी काय बोलते आहे, याचा त्याला इतक्या वर्षांत पत्ताच लागला नाही."

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या शाळेत एड्स दिनाचा कार्यक्रम झाला. त्याच्या समारोपात आमच्या तरुण उपसरपंचांनी काढलेले हे उद्गार मी शब्दशः उतरवले आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्याविषयी हे म्हटले गेले तो हरेश्वर दुसऱ्या रांगेत बसून समाधानाने मान डोलावत होता. म्हणजे वक्ता, श्रोते आणि प्रत्यक्ष तो माणूस, असे तिन्ही पक्ष एकमताचे. विरुद्ध मत माझे एकट्याचे. मी याच शाळेचा मुख्याध्यापक होतो. चुकीचे विधान फळ्यावर तसेच ठेवून वर्गाबाहेर पडण्याची सवय मला तेव्हा नव्हती आणि निवृत्तीनंतरही लागलेली नाही.

वाद कशाचा, ते आधी सांगतो. हरेश्वरला एच.आय.व्ही. आहे, असे हे गाव कित्येक वर्षे धरून चालले होते. त्या कार्यक्रमात त्याची विधवा भावजय वत्सला उभी राहिली आणि म्हणाली, "भावजींना काय एक नाय. आजार मला हाय. इतकी वर्षं गोळ्या मी खाते. भावजींना उगाच बोल लागला." एवढे बोलून ती खाली बसली आणि पदराने चष्मा पुसू लागली. ही वत्सला आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवत असे. आता तिने ते काम सोडले आहे आणि तिच्यापाशी गमावण्यासारखे काही उरलेले नाही. म्हणून ती बोलली, आणि मी लिहावे असेही तिनेच सांगितले. पण त्या काळी तिची चूल म्हणजे तिचे सर्वस्व होते. आजार तिचा आहे हे कळते, तर ती चूल दुसऱ्या दिवशी पेटली नसती. तेव्हा प्रश्न एवढाच, की ती पेटती राहिली ती एका भोळ्या माणसाच्या अज्ञानामुळे, की एका माणसाने ती जाणूनबुजून पेटती ठेवली म्हणून?

सध्या वालाला शेंगा भरल्या आहेत. भात निघाल्यावर त्याच शेतात मागे राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. आभाळाकडे काही न मागता वाढणारे हे पीक मला नेहमीच स्वाभिमानी वाटत आले आहे. बांधावरची भांबुर्डी चुरगळली की तिचा उग्र, औषधी वास बोटांना दिवसभर चिकटून राहतो. काल सकाळी फिरायला गेलो असता सहज एक पान तोडले आणि ही अफवा उठली तो सगळा हंगाम अंगावर चालून आला. क्रमाने आला असता तर बरे झाले असते. आला तो असा, की कोणती गोष्ट आधीची आणि कोणती नंतरची, याचा मलाच मेळ लागेना. इतरांच्या स्मरणातल्या चुका काढताना माझ्या स्वतःच्या स्मरणाने अशी गंमत करावी, हे मला आवडलेले नाही. पण आहे ते आहे.

त्या थंडीत आरोग्य खात्याचे पथक आमच्या गावात आले होते. पेण आणि कासू यांच्या मधले हे गाव. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला खाडीकडची मिठागरे. गावातली निम्मी तरुण मुले रोह्याच्या कंपन्यांत शिफ्टवर जात आणि उरलेल्यांतली बरीच टँकर किंवा ट्रक चालवत. वडखळच्या नाक्यावर ड्रायव्हर लोकांसाठी तपासणीचा तंबू लागे, निरोधाची पाकिटे फुकट मिळत आणि गुप्तरोगांची माहिती देणारी चित्रे टांगलेली असत. तोच तंबू त्यांनी आमच्या शाळेच्या पटांगणात आणला. समुपदेशन करणारी एक तरुण मुलगी ध्वनिक्षेपकावरून अतिशय आर्जवाने बोले. तपासणी गुप्त राहील, निकाल लगेच मिळेल, आजार निघाला तरी औषध आहे आणि ते घेऊन माणूस आयुष्यभर नीट जगतो. तिचे भाषण भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते. ऐकायला मात्र मी, शाळेचा शिपाई आणि पटांगणातले कावळे. गावात कोणी विचारले तर उत्तर ठरलेले, "आमाला काय झालंय?"

हरेश्वरचा थोरला भाऊ दामोदर रोह्याहून रसायनांचे टँकर घेऊन दूरदूर जायचा. पावसाळ्यापूर्वी तो मुंबईत वारला. क्षय झाला होता, असे घरच्यांनी सांगितले आणि त्यांना तेवढेच ठाऊक होते. गावाला मात्र त्याहून जास्त ठाऊक असल्याचा संशय होता. संशय असा चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली पडून होता. त्यावर वाऱ्याची झुळूक आली ती पोपटीच्या निमित्ताने.

पोपटी न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला कोंबून मडके जमिनीवर उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचे. थोड्या वेळाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा. तो चर्र करून तिथल्या तिथे उडून गेला की पोपटी झाली. हे काम तिन्हीसांजेला, उघड्या शेतात, शेजारीपाजारी जमून करायचे. एकाच शेतात दोन मडकी लागली तर दुसऱ्याच्या मडक्यातल्या मूठभर शेंगा खाऊन त्यांना नावे ठेवायची, हा आमच्याकडचा रिवाज. ज्याच्या पोपटीला कोणी नावे ठेवली नाहीत, त्याचा तो अपमान समजला जातो.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे हरेश्वरच्याच शेतात जमलो होतो. भावाचे वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याने मांस-अंडे सोडले होते. म्हणून त्याने मोठ्या मडक्यापासून जरा लांब, बांधाच्या कडेला, आपले एक लहान गाडगे वेगळे लावले. त्यात नुसत्या शेंगा आणि रताळी. मला तो धूर आठवतो. पाला करपल्याचा तो वास आठवतो. ज्वाळेच्या उजेडात सगळ्यांची तोंडे तांब्याची झाली होती, तेही आठवते. गाडगे फुटले, रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी शेंगा उचलल्या आणि कोणीतरी ओरडले, "हरेश, मीठ मिठागरावरच विसरून आलास काय रे?" "खा मुकाट्यानं," हरेश्वर म्हणाला, "तुमच्या मडक्यातली कोंबडी अजून आरवतेय." हसता हसता माझ्या शेजारचा माणूस ठसकला. मी स्वतः त्या शेंगा खाल्ल्या. मीठ खरोखरच कमी होते.

यातून अफवा कशी उगवली, ते मला आजही उलगडत नाही. श्राद्धाची गोष्ट सर्वांना माहीत होती. निदान माहीत असायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर प्रश्न निघाला, की हरेश्वरची पोपटी वेगळी का? आणि संध्याकाळपर्यंत गावाने उत्तर तयार केले. भावाचा आजार त्याला लागला आहे, ते त्याला कळले आहे, म्हणून बिचारा स्वतःहून वेगळा जेवतो. एवढ्यावर थांबते तर ठीक होते. पण पुढचा प्रश्न अधिक भयंकर होता. त्याच्या गाडग्यातल्या शेंगा तर सगळ्यांनी खाल्ल्या होत्या!

त्यानंतरच्या सकाळी शाळेच्या पटांगणात जे दृश्य मी पाहिले, तसे कोणत्याही निवडणुकीत पाहिले नाही. तंबूपुढे गर्दी लोटली होती. बाप्ये, बाया, म्हातारेकोतारे, नुकतीच शिफ्ट संपवून आलेली कंपनीतली पोरे. त्या समुपदेशक मुलीला काही केल्या अर्थबोध होईना. तिच्यासमोर बसलेल्या एका आजीबाईंचा संवाद मी खिडकीतून ऐकला.

"शेंगा खाल्ल्या तर व्हतं का गो?"

"नाही आजी. खाण्यापिण्याने हा आजार होत नाही."

"सालीसकट खाल्ल्या तर?"

"सालीसकट खाल्ल्या तरी नाही."

"तो माझ्या बाजूलाच बसला व्हता."

"बाजूला बसण्यानेही होत नाही. पण आजी, आलाच आहात तर तपासणी करून घ्या."

"मंग कशाला आली मी? कर!"

खाण्याने होत नाही, हे ती प्रत्येकाला समजावून सांगत होती. प्रत्येक जण मान डोलावून हात पुढे करत होता. तिच्या त्या आर्जवी भाषणांचा काहीही उपयोग झाला नाही आणि एका चुकीच्या समजुतीने संपूर्ण गाव तंबूत आणून बसवले. पुढे आरोग्य खात्यातल्या एका गृहस्थांनी ही "जनजागृतीची फलश्रुती" असल्याचे माझ्यासमोर सांगितले, तेव्हा मी त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त केले. ते रागावले. पण ती फलश्रुती पोपटीचीच होती. मीही रांगेत होतो, हे नमूद करतो. मी गेलो तो मुख्याध्यापक म्हणून, उदाहरण घालून देण्यासाठी. शेंगांशी त्याचा संबंध नव्हता. निदान फारसा नव्हता.

त्याच गर्दीत वत्सला होती. एरवी दामोदरची विधवा एकटी त्या तंबूकडे वळली असती, तर तिची पाठ दिसेनाशी होण्याआधी गावाने निकाल जाहीर केला असता. पण जिथे सगळेच होते तिथे तीही एक होती. आणि हरेश्वरही होता. तपासणीत तो निर्दोष निघाला, ती निघाली नाही. हे आम्हाला आत्ता, तिच्या तोंडून कळले. त्या दिवशी तंबूतून बाहेर आलेल्या कोणाच्याही चेहऱ्यावर मला काही वाचता आले नाही, आणि चेहरे वाचण्यात मी आयुष्य घालवले आहे.

मग अलिबागच्या फेऱ्या सुरू झाल्या. औषधोपचाराचे केंद्र अलिबागला. दर महिन्याला हरेश्वर आणि वत्सला, दीर-भावजय, मिनीडोर रिक्षाने वडखळला जात आणि तिथून एस.टी. पकडत. गावाला पुरावा मिळाला. निडीला वत्सलाचे माहेर. तिथले लोक येताजाता अभिमानाने सांगत, "आमची लेक आजारी दिराला घेऊन दवाखान्याला जाते." रोह्याच्या बाजारात हीच कथा मी ऐकली, जरा जास्त अश्रू घालून. इथे माझ्या बुद्धीचा गोंधळ उडतो. ज्या अफवेने एका निरोगी माणसाला रोगी ठरवले, तिनेच एका रोगी बाईला साध्वी ठरवले. अन्याय आणि उपकार एकाच मडक्यात शिजले. कोणता कुठला, ते आता वेगळे काढता येत नाही.

त्या हंगामाच्या शेवटी दोन विद्यार्थ्यांच्या आया माझ्या खोलीत आल्या. शेतात वालाच्या वाळलेल्या शेंगा तडकत होत्या. उघड्या खिडकीतून तो बारीक तडतड आवाज येत होता.

"गुरुजी, हरेश्वरच्या घरातली बाई आमच्या पोरांना खिचडी करते," पहिली म्हणाली.

"खिचडी हरेश्वर करतो का?"

"नाय."

"मग?"

"पन घर येकच ना?"

"खिचडीने हा आजार होत नाही, हे त्या तंबूत तुम्हाला सांगितले की नाही?"

"सांगितलं ना."

"पटले?"

"पटलं ना. पन घर येकच ना, गुरुजी?"

मी टेबलावर हात आपटला. "आजारी हरेश्वर आहे, हे तुम्ही म्हणता. वत्सला धडधाकट आहे, तेही तुम्हीच म्हणता. मग तुमची तक्रार नक्की कोणाविरुद्ध आहे, ते आधी ठरवून या."

मग दुसरी हळूच म्हणाली, "तिचा काय दोष गो? ती बिचारी घरचं करते, दिराचं करते, वर आपल्या पोरांचं करते." पहिलीने सुस्कारा सोडला आणि दोघी निघून गेल्या. बाहेर चुलीवर डाळ-तांदूळ रटरटत होते. वत्सला लाकडे पुढे सारत होती. तिने सगळे ऐकले असणार, कारण माझा आवाज लहान नाही. तिने वर पाहिले नाही.

तो युक्तिवाद मी आयुष्यातला एक उत्तम युक्तिवाद मानत आलो होतो. आज कळते की त्याचे पहिले वाक्य खोटे होते, दुसरेही खोटे होते, आणि निष्कर्ष मात्र अगदी बरोबर होता. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात, हे मला ठाऊक नाही. चूल चालू राहिली, हे ठाऊक आहे. मुलांनी तिच्या हातची खिचडी वर्षानुवर्षे खाल्ली आणि ती मुले आता बापाच्या वयाची झाली आहेत. आमचे उपसरपंच त्यांतलेच एक. खिचडीची पळी कमी-जास्त पडली की भांडणारे.

असो. मी भोळेपणाच्या विधानाकडे परत येतो.

कार्यक्रमानंतर मी पेणला गेलो. ती समुपदेशक आता तिथल्या तपासणी केंद्रात आहे. केसांत पांढरी रेघ, आवाज तोच आर्जवी. मी तिला सरळ विचारले, "त्या वेळी हरेश्वर तुमच्याशी काय बोलला? गाव काय म्हणते, हे त्याला ठाऊक होते की नव्हते?"

"गुरुजी, तुमची स्वतःची काही माहिती हवी असेल तर देते," ती हसून म्हणाली.

"मला सत्य हवे आहे."

"ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं आहे. वाटायला नाही."

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. कोणता आधी, ते सांगता येत नाही.

वत्सलाला विचारले. ती अंगणात वाल सोलत बसली होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून तिची बोटे चिमटीतून दाणा सटकन बाहेर काढत होती. "वत्सला, तू त्याला गप्प राहायला सांगितलेस का गो?"

"नाय, गुरुजी."

"मग त्याने आपण होऊन ठरवले?"

"त्यांनी सांगितलं नाय, मी इचारलं नाय. एका घरात राहायचं म्हंजे सगळंच इचारत बसायचं काय?" मग पुढचा वाल चिमटीत धरून म्हणाली, "मला लय वेळा वाटलं, सांगून टाकावं. मग शाळेची घंटा व्हायची, नि मी तांदूळ धुवायला घ्यायची."

राहता राहिला हरेश्वर. तो शेतात शेंगा तोडत होता. पाठीचा कणा वाकला आहे, पण हात अजून झरझर चालतो. मी बांधावर उभा राहून त्याची उलटतपासणी घेतली.

"गाव काय म्हणत होते, हे तुला माहीत होते."

"काय म्हनत व्हतं?"

"तुला हा आजार आहे, असे."

"गावाला तोंड हाय. बोलतंय."

"म्हणजे माहीत होते!"

"तसं नाय म्हनलो मी."

"अरे, मग तू एकदा तरी का सांगितले नाहीस, की मला काही झालेले नाही म्हणून?"

"मला कोनी इचारलंच नाय, गुरुजी." त्याने ओंजळभर शेंगा टोपलीत टाकल्या. "तुमी तरी कुठं इचारलंत?"

यावर माझ्यापाशी उत्तर आहे. एखाद्या गृहस्थाला त्याच्या आजाराविषयी भर गावात विचारणे असभ्य आहे, हे ते उत्तर. पण ते त्याला देईपर्यंत तो दुसऱ्या वाफ्यात पोहोचला होता. तिथून तो ओरडला, "उपसरपंच म्हनतो तेच खरं. मी भोळाच हाय. चला, पोपटीला या शनिवारी. औंदा मीठ नीट घालतो."

तेव्हा परिस्थिती अशी आहे. गाव म्हणते, त्याला कळले नाही. गावाला असे म्हणणे सोयीचे आहे, कारण ज्याला कळलेच नाही त्याला दुखवल्याचे पाप लागत नाही. लग्नाकार्यात त्याला हळूच शेवटच्या पंगतीला ढकलणारे, त्याच्या हातची तंबाखू नको म्हणणारे, सगळे त्या एका शब्दाने मोकळे झाले. आणि तो स्वतःही म्हणतो, आपण भोळे. का म्हणतो? थोरपणा टाळायचा म्हणून? वहिनीच्या डोक्यावर ऋण नको म्हणून? की खरेच त्याने कधी काही ठरवले नव्हते आणि हे सारे माझ्याच डोक्यात रचले गेले आहे? काल भांबुर्डीचे पान हातात धरून मी बांधावर किती वेळ उभा होतो, कोण जाणे. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटू लागल्या. माझ्यासारख्या माणसाला यासारखी दुसरी मानहानी नाही.

परंतु मनुष्य स्वतःविषयी काय म्हणतो, हा पुरावा नव्हे. हरेश्वरची साक्ष मी हरेश्वरच्या बाबतीत ग्राह्य धरत नाही. मी ग्राह्य धरतो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेले, आणि ते मी एकदाच पाहिलेले नाही. वडखळच्या नाक्यावर अलिबागच्या गाडीतून उतरणारे इतर रुग्ण मी पाहिले आहेत. गोळ्यांच्या डब्या खुळखुळू नयेत म्हणून कोणी त्या टॉवेलात गुंडाळी, कोणी भाजीच्या तळाशी लपवी, कोणी वरचा कागद खरवडून टाकी. हरेश्वर आणि वत्सला मात्र गावच्या फाट्यापासून घरापर्यंत, मारुतीच्या देवळावरून, पाणवठ्यावरून, शाळेवरून, भर दुपारी चालत येत. ती पुढे, रिकाम्या हातांनी. तो मागे. औषधांची पिशवी दर खेपेला त्याच्या हातात असे, आणि ती पारदर्शक असे.